एक ओळ लिहून कळवा

ऑफिसात त्याला सगळे तळघर म्हणत. हे नाव रंगारीने ठेवलं होतं, आणि रंगारी हे नाव त्याने तिला ठेवलं होतं, त्यामुळे हिशेब फिटलेला होता.

पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत दोघं सॉफ्टवेअरचं काम करत. आपण मोबाइलवर बटण दाबतो आणि आपलं पार्सल कुठवर आलं ते दिसतं. ते बटण, त्याचा रंग, दाबल्यावर ते जरासं आत गेल्यासारखं वाटतं ते, हे सगळं रंगारीचं काम. बटण दाबल्यावर मागे जी धावाधाव होते ती त्याची. कुठल्या गोदामाला विचारायचं, गोदामाने उत्तरच दिलं नाही तर किती थांबायचं, दोन गोदामांनी दोन वेगळी उत्तरं दिली तर खरं कोणाचं धरायचं. याला बॅकएंड म्हणतात. ते काम नीट चाललं असेल तर ते आहे हेसुद्धा कोणाच्या लक्षात येत नाही. बिघडलं की मात्र सगळ्यांना त्याचं नाव आठवतं.

"तळघरातून काय खबर?" शेजारच्याच टेबलावरची रंगारी येता-जाता विचारायची.

"कोरडं आहे," तो म्हणायचा.

"म्हणजे आज पाणी शिरलेलं नाही. चांगलंय."

दिवसभरात त्याचं बोलणं बहुधा एवढंच. आठवड्यातले बरेच दिवस तो घरूनच काम करायचा, आणि त्या दिवशी एवढंही नाही. घर म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत टेबल आणि कॉम्प्युटरचे दोन पडदे, दुसऱ्या खोलीत पलंग आणि कपडे वाळत घालायची घडीची जाळी, जी कधी घडी व्हायची नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसायची. सगळ्यांच्या मोऱ्यांचे पाइप आणि कोणाचंच तोंड नाही.

ऑफिसच्या कामाशिवाय त्याचं आणखी एक काम होतं. त्याचं नाव दुमड.

दुमड हा एक छोटासा प्रोग्राम होता. लांब मजकूर अरुंद कागदावर छापायचा असेल तर तो ओळींत मोडावा लागतो. शब्द मधेच तुटता कामा नये, आकडा एका ओळीत आणि त्याचं माप दुसऱ्या ओळीत जाता कामा नये, जोडाक्षराचे दोन तुकडे होता कामा नयेत. ऐकायला सोपं वाटतं. करून बघितलं की कळतं. त्याने ते काही वर्षांपूर्वी करून बघितलं, जमलं, आणि मग सगळ्यांसाठी उघडं ठेवून दिलं. सॉफ्टवेअरच्या जगात अशी पद्धत आहे. आपला कोड खुला ठेवायचा, कोणीही घ्यावा, आपल्या प्रोग्रामात जोडावा, हवा तर बदलावा. घेणाऱ्याने विचारायची गरज नाही, सांगायचीही नाही. ही मोठी चांगली पद्धत आहे. तिच्यात एकच गोष्ट राहून जाते. देणाऱ्याला आपलं कुठे गेलं ते कळत नाही.

दुमडच्या इंटरनेटवरच्या पानावर एक आकडा असायचा, आठवड्यात ती किती वेळा डाउनलोड झाली त्याचा. आकडा मोठा होता. पण तो माणसांचा नव्हता. यंत्रं दर वेळी प्रोग्राम नव्याने जुळवताना नवी प्रत ओढून घेतात. एकच यंत्र दिवसात शंभरदा घेईल. म्हणजे बाहेर खूप कोणी आहेत की एकच अतिउत्साही यंत्र आहे, सांगता यायचं नाही. सुरुवातीला चुका होत्या तोवर लोक तक्रारी लिहायचे. तो उत्तर द्यायचा, दुरुस्ती करायचा, कधी गप्पाही व्हायच्या. मग चुका संपल्या, आणि पत्रंही.

तरी दर रविवारी तो दुमडला बसायचा. ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ती लिहिली होती तिची नवी आवृत्ती आली की तिच्याशी जुळवून घ्यायचं, जुन्या गोष्टी काढायच्या. ताईचा फोन यायचा तो नेमका तेव्हा.

"काय करतोयस?"

"काम."

"रविवारी?"

"हे ऑफिसचं नाही. ते दुसरं."

"फुकटचं."

"हो, फुकटचं."

"अरे, पण कोणासाठी?"

"ते माहीत नाही, ताई."



"असं कर," ती म्हणाली, "शेजाऱ्यांचा कुत्रा फिरवून आण रविवारी. तेही फुकटच. पण तो निदान शेपूट तरी हलवेल."

तो हसला. फोन ठेवल्यावरही बोलणं डोक्यातून जाईना. त्याने ठरवून टाकलं. एकदा विचारायचं. कोणी आहे असं कळलं तर चालू ठेवायचं, कोणीच नसेल तर महिनाअखेर दुमडला कुलूप लावायचं. पानावर 'आता सांभाळलं जात नाही' अशी पाटी लावायची आणि रविवार मोकळा करायचा.

पण विचारायचं कोणाला? पत्ते कोणाचेच नव्हते. तेव्हा त्याला एक युक्ती सुचली. दुमड चालू होईल तेव्हा तिनेच एक ओळ सांगायची. ओळ त्याने बऱ्याचदा लिहिली आणि खोडली. शेवटी राहिली ती अशी: 'दुमड कोणी वापरत असाल तर कृपया एक ओळ लिहून कळवा.' पुढे त्याचा ईमेल पत्ता.

आता इथे काय चुकलं ते नीट समजून घ्यायला हवं. प्रोग्रामला बोलायला दोन तोंडं असतात. एका तोंडातून तो आपलं खरं काम बाहेर देतो: बिल, तिकीट, चिठ्ठी, जे काय असेल ते. दुसऱ्या तोंडाने तो चालवणाऱ्याशी बोलतो: अमुक जुनं झालंय, तमुक सापडत नाही. ते बोलणं छापलं जात नाही, इंजिनिअरच्या पडद्यावर जातं. आपली कुजबुज पहिल्या तोंडाने करायची नाही, हे तो नव्या आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचा. त्या गुरुवारी दुपारी मात्र, ओळ नीट दिसते का बघायला म्हणून त्याने ती पहिल्या तोंडात घातली. नीट दिसली. मग ती दुसरीकडे हलवायची राहिली. एवढ्याशा ओळीसाठी काय तपासायचं, असं म्हणून त्याने नवी आवृत्ती सोडली, आणि चहा टाकायला उठला. पुन्हा एकदा बघणारं दुसरं कोणी नव्हतं. कधीच नव्हतं.

यंत्रांनी संध्याकाळपर्यंत ती आवृत्ती उचललीसुद्धा.

शुक्रवारी सकाळी त्याने ईमेल उघडली आणि त्याला वाटलं आपण दुसऱ्याच कोणाची उघडली. पत्रंच पत्रं. पहिलं एका थिएटरच्या तिकिटांचं काम करणाऱ्याचं: 'आमच्या प्रत्येक तिकिटावर तुमचं निवेदन छापलं जातंय. हा काय पोरकटपणा?' दुसरं धुलाई दुकानांच्या सॉफ्टवेअरवाल्याचं. कपड्यांना टाचायच्या बिल्ल्यांवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी याचा पत्ता. तिसरं एका ग्रंथालयातून, जरा सौम्य. मग औषध दुकानांना सॉफ्टवेअर देणारी एक कंपनी: 'चिठ्ठ्यांवर तुमची जाहिरात येते आहे. ताबडतोब काढा.'

त्याने आधी ती आवृत्ती मागे घेतली, ओळ काढून दुरुस्त केलेली सोडली, यंत्रांनी ती उचलल्याची खात्री केली, आणि मग खुर्चीत मागे टेकला. कान तापले होते. पण खरं सांगायचं तर लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं. थिएटर. धुलाई. ग्रंथालय. कोणीतरी रात्री सिनेमाला जात होतं आणि त्याच्या तिकिटावर सिनेमाचं लांबलचक नाव नीट दोन ओळींत बसत होतं, ते याच्यामुळे. हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

दिवसभर तो उत्तरं लिहीत बसला. प्रत्येकाची माफी मागितली, काय झालं ते सांगितलं. दुपारी मधेच एक नवं पत्र आलं. त्याचा विषय इतरांसारखा नव्हता. 'आपण विचारलंत म्हणून', एवढंच. पाठवणाऱ्याच्या नावावरून तो कोणी कंपनीवाला वाटत नव्हता.

त्याने ते उघडलं नाही. एवढ्या शिव्यांमध्ये एक बरं पत्र आलंय, ते घाईत कशाला वाचायचं. सगळ्यांना उत्तरं देऊन झाली की उद्या सकाळी निवांत वाचू, म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं. लहान मुलं ताटातला आवडीचा घास शेवटी ठेवतात, तसं.

शनिवारी सकाळी आंघोळ करून, चहाचा कप घेऊन त्याने ते पत्र उघडलं.

'महोदय,

आपली दुमड मी काल रात्रीपासून घेत आहे. दोन्ही जेवणांनंतर एक एक, चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे. आताच दुसरी घेतली. गुडघ्यांना अजून फरक नाही, पण दोन गोळ्यांत तो पडावा अशी माझी अपेक्षाही नाही. आजवर पुष्कळ औषधं खाल्ली, पण कंपनीने आपणहून चौकशी केल्याचं हे पहिलंच. मी एकटाच असतो, उत्तर द्यायला वेळ असतो. आणखी काही विचारायचं असल्यास संकोच करू नये. खात्रीसाठी चिठ्ठीचा फोटो सोबत जोडत आहे.'

खाली सही. त्याला आधी हसूच आलं. आजोबांना दुमड हे औषधाचं नाव वाटलं होतं. मग त्याने फोटो उघडला.

गोळ्यांच्या डबीवरची छोटी चिठ्ठी. माथ्यावर निळ्या शाईत आधीच छापलेलं दुकानाचं नाव आणि फोन. त्याखाली त्याचं वाक्य, दोन ओळींत. दुमडने आपल्याच ओळीचीही नीट घडी घातली होती, शब्द कुठे तुटला नव्हता. मग आजोबांचं नाव. मग औषधाचं नाव. मग 'एक गोळी, जेवणानंतर'. तिथे चिठ्ठी संपत होती. कागदाच्या अगदी कडेला.

तो त्या कडेकडे बघत राहिला. चिठ्ठीत पाच ओळींची जागा असेल आणि वर दोन ओळी जास्तीच्या घुसल्या असतील, तर खालच्या दोन गेल्या. कालपासून सगळ्यांनी काय वाढलंय त्याबद्दल लिहिलं होतं. काय गळलंय ते कोणीच बघितलं नव्हतं. त्यानेही नाही.

त्याने फोटोतला नंबर लावला.

"बोला," बाईचा आवाज. मागे गिऱ्हाइकांचा गलका.

"तुमच्या औषधांच्या चिठ्ठ्या ज्या प्रोग्रामने छापतात, त्यातला एक भाग माझा आहे. गुरुवारी त्यात चूक झाली होती."

"ते वरचं एक ओळ लिहा वगैरे? ते गेलं काल. कंपनीने सांगितलं."

"ते गेलं. पण एका चिठ्ठीवर खालच्या ओळी आल्या नाहीयेत." त्याने आजोबांचं आणि गोळीचं नाव सांगितलं.

कळफलकाचे खट खट आवाज आले.

"आठवड्यातून एकदाच," त्या वाचत म्हणाल्या. "फक्त रविवारी. रोज घेऊ नये." मग आवाज बदलला. "ही गोळी रोज घेतली तर माणसाच्या जिवावर बेततं. किती घेतल्यात त्यांनी?"

"काल दुपारपर्यंत दोन. दोन्ही जेवणांनंतर घेतायत. म्हणजे रात्री तिसरी घेतली असणार."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"त्यांनी मला लिहिलं."

"कधी?"

"काल दुपारी."

"आणि फोन आज करताय?"

"ठेवून दिलं होतं. वाचायचं."

"कशासाठी?"

बाईंनी उत्तराची वाटही बघितली नाही. "ठेवा. मी त्यांना फोन लावते," त्या म्हणाल्या.

पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला. आजोबा उचलत नव्हते. दुकानातल्या माणसाला गल्ल्यावर बसवून त्या स्वतः निघाल्या होत्या, चालताना धाप लागत होती. "दुपारचं जेवण लवकर असतं त्यांचं," म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

तोवर त्याने सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन केला. शनिवार होता, पण एक इंजिनिअर सापडला. आधी तो तुसडेपणाने बोलला. मग काय गळलंय ते ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ एवढ्या वेळात ज्या ज्या दुकानांत चिठ्ठ्या छापल्या होत्या त्या सगळ्यांना त्याने फोन सुरू केले. बहुतेक चिठ्ठ्यांना खालच्या ओळी नव्हत्याच. ज्यांना होत्या त्यात 'हलवून घ्यावे', 'थंड जागी ठेवावे' असलं काही. गळून जीव धोक्यात यावा अशी चिठ्ठी एकच निघाली.

तो टेबलापाशी बसून राहिला. चहावर साय धरली. करण्यासारखं आता काहीच नव्हतं, आणि हेच त्याला जमत नव्हतं. एरवी काही बिघडलं की तो दुरुस्त करायचा. हे बिघडलेलं एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटात होतं.

फोन वाजला तेव्हा त्याचा हात टेबलाला आपटला.

"सापडले," बाई म्हणाल्या. "फोन दुसऱ्या खोलीत, आणि हे कॉम्प्युटरसमोर. ताट वाढलेलं होतं, गोळी ताटाशेजारी काढून ठेवलेली. ती नाही घेतली. आधीच्या तीन घेतल्यात. दवाखान्यात नेतेय, डॉक्टरांशी बोलणं झालंय."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"वेळेत आहे म्हणाले. उतारा देता येतो. दोन दिवसांनी कळेल." मग जरा थांबून, "तुम्हाला कंपनी समजतायत ते. मला म्हणाले, त्यांचं उत्तर आलं नाही अजून, म्हणून बघत होतो."



बाईंनी संध्याकाळी पुन्हा फोन केला. दुकान बंद करून करत असाव्यात, आता गलका नव्हता.

"एक विचारते. हे तुमचं जे काय आहे, त्यावर किती माणसं आहेत?"

"मी."

"आणि तपासतं कोण?"

"मीच."

"अहो, माझ्याकडे खोकल्याचं औषधसुद्धा काढणारा एक आणि बघणारा दुसरा. मी काढलं तरी माझा पोऱ्या बघतो. मालकीण म्हणून मला सूट नाही." त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "मी कंपनीला सांगितलंय, ते दुमड माझ्या दुकानात नको. तुम्ही वाईट माणूस आहात असं नाही. पण नको."

"काढायचं कसं ते मी त्यांना लिहून देतो," तो म्हणाला. "पटकन होईल."

आणि त्याने खरंच लिहून दिलं. दुमडशिवाय चिठ्ठी कशी छापायची, कुठे काय बदलायचं, कुठे चूक होऊ शकते, पायरी पायरीने. आपलं काम कोणाच्या घरातून कसं उचलून न्यायचं ते तो रविवारभर समजावून सांगत होता. ताईचा फोन आला तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं.

"जेवलास का?" शेवटी तिने विचारलं.

"नाही."

"मग आधी ऊठ."

सोमवारी त्याने आजोबांना पत्र लिहिलं. दुमड हे औषध नाही, मी कंपनी नाही, ती ओळ तुमच्यासाठी नव्हती, माझ्या चुकीने ती तुमच्या डबीवर आली, तुमचं पत्र मी वेळेवर उघडलं असतं तर तिसरी गोळी टळली असती. काहीच लपवलं नाही. खाली आपला फोन नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो त्यांच्या मुलीचा.

"बाबांना काय लिहिलंत तुम्ही?"

"जे झालं ते."

"वॉर्डात सगळ्यांना सांगून झालं होतं त्यांचं, कंपनीने चौकशी केली म्हणून. शेजारच्या खाटेवरच्यांना चिठ्ठीचा फोटो दाखवत होते. आता तोंड फिरवून पडलेत."

"कसे आहेत?"

"तोंडात फोड आलेत. गिळायला त्रास होतो. पण रक्ताचा रिपोर्ट बरा आहे. उद्या परत काढतील."

"मी भेटायला येऊ शकतो. लांब आहे, पण—"

"नको." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि लिहूही नका त्यांना. तुम्ही लिहिलंत की ते उत्तर देणार, मग तुमच्या उत्तराची वाट बघणार. मला ते माहितीये. मीच लांब असते, माझ्या फोनची कशी वाट बघतात ते मला माहितीये. त्यात तुमची भर नको."

"बरं."

"घरी आले की कळवीन. तेवढं कळवीन मी."

आठवडा त्याने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. ऑफिसचं काम तो करत होता, गोदामांना प्रश्न विचारले जात होते, उत्तरं येत होती. घरी आलं की तो दुमडचं पान उघडून बसायचा. कुलूप लावायचं बटण तिथेच होतं. लावलं असतं तर कोणी अडवणार नव्हतं. पण थिएटरात, धुलाईत, ग्रंथालयात जी दुमड होती ती कुलूप लावल्याने निघून येणार नव्हती. ती तिथेच राहणार, फक्त बिघडली तर बघणारं कोणी नसणार. बंद करणं म्हणजे जबाबदारी संपवणं नव्हे, तिच्याकडे पाठ फिरवणं, एवढं त्याला कळत होतं. आणि एकट्याने चालू ठेवणंही आता शक्य नव्हतं. मग उरलं काय, तेही कळत होतं. तेच अवघड होतं. जगातल्या सगळ्या यंत्रांमधून त्याने विचारलं होतं, कोणी आहे का. शेजारच्या खुर्चीला मात्र कधी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मुलीचा मेसेज आला. 'बाबा घरी आले. ठीक आहेत.' त्याने 'आभारी आहे' लिहिलं. त्यापुढे आणखी बरंच लिहिलं आणि पुसलं.

सोमवारी तो ऑफिसात गेला आणि सरळ रंगारीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. ती कानात गाणी घालून एका बटणाचा निळा रंग थोडासा कमी निळा करत होती. जरा वेळाने तिला कोणी उभं असल्याचं जाणवलं.

"काय झालं? पाणी शिरलं?"

"नाही. एक काम होतं."

"तुझं? माझ्याकडे?" तिने कानातलं काढलं. "तब्येत बरी आहे ना?"

"माझं एक बाहेरचं काम आहे. खुलं. मी बदल करेन ते तू बघायचेस. तू हो म्हटल्याशिवाय बाहेर जाणार नाही असं करून ठेवलंय. मलाही सोडता येणार नाही."

"पण मला तुझ्यातलं काही कळत नाही. मी बटणं करते."

"कळेल. नाही कळलं तर विचार."

"खूप विचारीन. डोकं खाईन."

"चालेल."

काहीतरी झालंय हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बस आधी. आणि काय झालंय ते पहिल्यापासून सांग."

त्याने सांगितलं. सांगताना तो टेबलावरच्या तिच्या रंगांच्या पट्ट्या सरळ करत होता. तिसऱ्या गोळीपाशी तो अडखळला, तिने घाई केली नाही. ऐकून झाल्यावर तिने 'अरेरे' वगैरे काही म्हटलं नाही.

"आणि हे तू कधीपासून एकटा करतोयस?"

"पहिल्यापासून."

"माझ्या शेजारी बसून?"

"हो."

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. "पाठव."

त्याने पाठवलं. बदल अगदी किरकोळ होता: पहिल्या तोंडाने कुठलीही कुजबुज बाहेर पडली तर दुमड स्वतःच अडून बसेल, अशी तपासणी. एरवी हे त्याने एका क्षणात सोडून दिलं असतं. आता पडद्यावर 'संमतीची प्रतीक्षा' असं पिवळ्या अक्षरांत दिसत होतं. तासाभराने तिचे प्रश्न आले. हे नाव असं का? इथे मजकूरच रिकामा आला तर? ही टीप कोणासाठी आहे, मला कळत नाही. त्याने एकेकाचं उत्तर लिहिलं. रिकाम्या मजकुराच्या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हतं. त्याने ते कधी करूनच बघितलं नव्हतं. करून बघितलं. दुमड कोसळली.

त्याने दुरुस्ती केली आणि पुन्हा पाठवली. औषध दुकानाच्या बाईंनाही दोन ओळी लिहिल्या, आता दुसरं कोणी बघतं, एवढंच. त्यांचं उत्तर लगेच आलं: 'बघू.' दुमड त्यांनी परत घेतली नाही.

पिवळी अक्षरं तशीच होती. त्याने शेजारी बघितलं. रंगारीची खुर्ची रिकामी होती, पडदा बंद. जेवायची वेळ झाली होती आणि सगळे खाली गेले होते. मग त्याने पिशवीतून आपला डबा काढला आणि जिना उतरून खाली गेला, तिचं जेवण किती बाकी आहे ते बघायला.